हाक

शेडवरून येताना ओच्यात
मूठभर डागी बेदाणा असतो.
मुकादम बघतो आणि बघत नाही.
तासगावच्या सौद्यात त्याला कुणी विचारत नाही,
काळा पडलेला, टिचलेला, देठासकट.

तसाच घालायचा नसतो पाखरांना.
तेलाच्या पाण्यात बुडवलेला, गंधकाची धुरी घेतलेला.
तीन पाण्यांनी धुवायचा, रात्रभर भिजत ठेवायचा,
सकाळी फुगून तो परत द्राक्ष झाल्याचं सोंग घेतो,
मग घालायचा.
हे कुणी सांगितलं नाही.
पहिल्या वर्षी एक बुलबुल
न्हाणीच्या पत्र्यावर पंख पसरून बसला,
दोन दिवस तसाच.
मग माझं मीच शिकले.

पाण्याची परळ रोज काथ्यानं घासायची.
हिरवा बुळा धरला की पाखरू पाणी पितं
पण अंघोळ करत नाही,
त्यावरून कळतं.
ज्वारी चिमण्यांना. होल्यांना थोडी लांब, जमिनीवर,
ते चालत येतात, पाहुण्यासारखे.
सातभाई येतात ते आठ आहेत. मोजलेत.

सावळजच्या मळ्यात मी मचाणावर असायचे,
शाळेआधी, आठ वर्षांची.
ज्वारी दुधात आली की
तात्या गोफण हातात द्यायचे आणि म्हणायचे,
आवाज पोटातनं काढ पोरी, गळ्यातनं न्हाई.
होऽऽ हाऽऽ हुर्रर्रऽऽ
तीन शेतं पलीकडचं पाखरू उठायचं माझ्या आवाजानं.
एकदा गुंडा बसला आणि राघू पडला.
तात्यांनी पाठ थोपटली.
चोचीत त्याच्या दाणा होता अजून,
कच्चा. दाबला तर दूध आलं.

तर मला हाकलायची हाक येते,
बोलवायची येत नाही.
शेजारची नसीमा कोंबड्यांना आ आ आ करते
आणि सगळं अंगण तिच्या पायाशी गोळा होतं.
मी करून बघितलं.
शेवग्यावर होतं नव्हतं तेवढं उडून गेलं.
म्हणून धुण्याच्या दगडावर वाटी वाजवते, तीनदा.
लग्नात आलेली वाटी, कोरलेली,
'कुंभोजकर परिवाराकडून.'
कोण हे कुंभोजकर, आता घरात कुणालाच आठवत नाही.
पाखरं मात्र त्यांना ओळखतात.

मार्चमध्ये, बेदाण्याची घाई चाललेली,
नसीमाच्या डिश अँटेनावर शिक्रा येऊन बसला.
मला आधी कवडाच वाटला.
खाली परळीभोवती सात-आठ बुलबुल, 
माना बेदाण्यात.
त्यानं अंग सैल सोडलं
आणि माझ्या पोटातनं, पन्नास वर्षांनी,
होऽऽ हाऽऽ हुर्रर्रऽऽ

सगळं उठलं. बुलबुल, होले, आठही सातभाई,
शिक्रासुद्धा वाकडा होऊन
शिकलगारांच्या टाकीमागं गेला, रिकामा.
त्याचीही पिल्लं असतील कुठं.
नसीमा धावत आली,
काय झालं ओ, साप निघाला का?
मी म्हटलं, नाही.
हात थरथरत होते आणि, खोटं कशाला बोलू,
बरंही वाटत होतं,
आवाज अजून तेवढाच आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी वाटी वाजवली.
कुणी नाही.
तिसऱ्या, चौथ्या दिवशी बेदाणा फसफसला,
मुंग्या लागल्या.
परळ उचलून लिंबाच्या काट्यांखाली नेली,
जिथं वरून झडप घालता येणार नाही.
हे आधीच करायला हवं होतं.
वाटी वाजवत राहिले.
दगडच ऐकत होता.

सातव्या दिवशी दयाळ आला. एकटा.
बेदाण्याला शिवला नाही, ज्वारीलाही नाही.
मुंग्या टिपल्या चार,
शेपूट उभी केली, खाली केली,
आणि थेट माझ्याकडे बघत राहिला,
एक डोळा करून.
मी उंबऱ्यात, हातात वाटी.

नेमका तेव्हा खोकला आला मला,
शेडमधल्या धुरीचा, जुना.
पदर तोंडात कोंबला
आणि तसाच गिळला.