रांग इथे संपते

पहाटेची पहिली गाडी खाडीवरून आली
तेव्हा आमच्याआधी चार हजार माणसं बसलेली होती.
भराव घालून केलेली जमीन, वर डांबर,
डांबरावर खडूने आखलेले चौकोन
आणि चौकोनांत आम्ही, दहा-दहाच्या ओळीत,
वाफ्यातल्या कांद्याच्या रोपांसारखे.

तोयामाहून रात्रीच्या बसने आलो. मान आखडलेली.
पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली
सातूच्या चहाची गोठवलेली बाटली,
खारट गोळ्या, घडीचं स्टूल,
आणि आईच्या औषधांच्या जुन्या डबीत शंभराची नाणी.
सुटे पैसे देणं ही इथली अर्धी नीतिमत्ता.

शेजारी कुरोइवा नावाचा मुलगा,
पाठीला पुठ्ठ्याचे पंख, म्हणून टेकता येईना.
"किती वर्षं येताय?"
"एकोणीस."
तो स्वतः एकोणीसचा होता.
त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

साडेसातला सावली संपली.
भोंग्यातून स्वयंसेविका ओरडली :
"पळू नका! तुमचा नायक धापा टाकत आलेला
कधी पाहिलाय का तुम्ही?"
हसू ओळीओळीने मागे सरकत गेलं,
शेपटापर्यंत पोचेस्तोवर त्यातला विनोद गळून गेला,
नुसतं हसू पोचलं.

उठा. आठ हजार गुडघे एकदम कुरकुरले.
बावीस पावलं. बसा.
उठा.
नऊ पावलं. बसा.
कुरोइवाचा डावा पंख उन्हाने सुटला,
मी कारखान्यातली चिकटपट्टी दाताने तोडून दिली.
शौचालयाच्या रांगेला तिची स्वतःची रांग होती
आणि तिच्यात कुणी कुणाला
तुम्ही कुणाचे चाहते, असं विचारत नव्हतं.

दारं उघडली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
कुणासाठी, कळलं नाही.
बहुधा आपापल्या मूत्राशयांसाठी.

आत प्रत्येक मोठ्या टेबलाला वेटोळं.
शेवटच्या माणसाच्या हातात उंच धरलेली पाटी :
रांग इथे संपते.
नवा आला की पाटी त्याच्याकडे.
इथे कुणी फार वेळ शेवटचा राहत नाही.

माझं टेबल पूर्वेकडच्या दालनात, मालाच्या दाराजवळ.
चंद्रावरच्या टपालखात्याची एक मालिका होती,
अकरा भागांनंतर बंद पडली.
टपालवाला पत्र घेऊन विवराच्या काठाशी उभा,
आणि तिथेच.
बारावा भाग ओगिवाराबाई दर वर्षी काढतात,
सोळा पानं, शाईने,
दर वर्षी वेगळा.
एकदा पत्र पोचलं. एकदा विवरच नव्हतं.
तीन वर्षांपूर्वी तो नुसता बसून राहिला, सोळाही पानं;
तो मला सगळ्यांत आवडला.

आधी आम्ही साठेक जण असायचो,
रांग खांबाला वळसा घालून जायची.
यंदा पुढे कुणी नाही. मागे कुणी नाही.
चार तास रांगेत झिजून
मी जिथे पोचलो तिथे रांगच नव्हती.

पाच नाणी मोजून दिली.
बाईंनी दोन्ही हातांनी घेतली, अंक दिला,
मग पंख्याने उडणारे उरलेले अंक
पेन्सिलींच्या डब्याखाली दाबत राहिल्या. बरेच होते.

पाटी टेबलाखाली उताणी पडलेली,
कोपऱ्याला पाण्याचा डाग.
"ती जरा देता?"
"कशाला? मागे तर कुणी नाही."
"म्हणूनच."

मग टेबलापासून चार पावलं मागे जाऊन
पाटी डोक्यावर धरून उभा राहिलो.
दंडाला कळ लागली. माणसं वाहत होती,
पाटी वाचत होती, मग टेबल बघत होती,
मग मला.

विसेक मिनिटांनी एक घामाघूम गृहस्थ थांबले,
गळ्यात ओला रुमाल.
"शौचालयाची रांग हीच का?"
"नाही हो. ही चंद्रावरच्या टपालाची."
त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं, पुढे खांबाकडे,
"असू दे," म्हणाले, आणि माझ्या मागे उभे राहिले.

पाटी त्यांच्या हातात गेली
आणि मी, नियमाप्रमाणे,
एक पाऊल पुढे सरकलो.