हितसंबंध नसलेला

दुलुथच्या चढावरच्या गल्लीत माझं दुकान:
बुटांचे तळवे, किल्ल्यांच्या नकला, स्केट्सना धार.
वर, चौदा पायऱ्या चढून,
मार्लिस ओडेगार्ड वकीलबाईंचं ऑफिस.
मृत्युपत्रावर सही व्हायची असली
की बाई जमिनीवर टाच आपटतात, दोनदा.
म्हणजे: ये वर, साक्षीदार एक कमी आहे.

मी ॲप्रनला हात पुसतो, चढतो.
एकोणीस वर्षांत किती सह्या केल्या, मोजल्या नाहीत.
आत काय लिहिलंय ते वाचायचं नसतं.
पाहायचं एवढंच:
माणूस शुद्धीत आहे, हात त्याचाच आहे,
कुणी मागून खांदा दाबत नाही.
कायदा मला म्हणतो 'हितसंबंध नसलेला'.
बायको गेल्यापासून इतकं नेमकं
कुणी मला ओळखलं नव्हतं.

लोक मरणाबद्दल बोलायला येतात
आणि बोटीच्या मोटरबद्दल बोलत बसतात.
एक म्हातारी तीन लेकरांत
बावीस चमचे वाटू पाहत होती.
एक उरायचा. पुन्हा मोजलं, पुन्हा उरला.
शेवटी तो पिशवीत घालून
ती तशीच घरी गेली.

आर्वो किविनिएमी आला तो नोव्हेंबरात.
खनिजाच्या जहाजावर चाळीस वर्षं काढलेला,
शब्द पैशांसारखे जपून खर्चणारा.
त्याची हेल्मी चौतिशीची.
रस्ता एकटीनं ओलांडत नाही,
मोड दिली तर सगळी नाणी सारखीच मानते.
दर गुरुवारी माझ्या दुकानात स्टुलावर बसून
बिघडलेल्या किल्ल्या रंगाप्रमाणे लावते.
आपल्यामागं तिचं कोण,
इथंच बापाचं घोडं अडलेलं.
टुसॉनच्या बहिणीनं कळवलं होतं:
उन्हाळ्यात पंधरा दिवस, त्याहून नाही.

टाच वाजली. दोनदा. मी गेलो.
पेनाचं टोपण काढलं.
बाई म्हणाल्या, थांबा,
आज तुम्ही नाही चालणार. आधी हे वाचा.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा वाचलं.
कलम सहा. 'हिची पालक म्हणून जबाबदारी'
आणि पुढं माझं नाव, आडनावासकट,
जे गावात कुणालाच नीट लिहिता येत नाही,
ते अगदी बरोबर.
आर्वो खिडकीतून सरोवर बघत होता.
'तुला विचारायचं राहिलंच,' म्हणाला.

मी हो म्हटलं नाही.
म्हटलं, समोरच्या बेकरीतून कुणाला तरी बोलवा.
फेंग आला धावत, कोपरापर्यंत पिठात,
माझ्या खुर्चीत बसला, सही केली,
अंगठा उमटला पांढराशुभ्र, सहाव्या कलमाशेजारी.
कागद कोर्टात गेला तेव्हाही
तो पुरता पुसला गेला नव्हता.

मार्चमध्ये आर्वो गेला. सरोवर अजून गोठलेलं.
प्रोबेटच्या न्यायाधीशांनी यादी वाचली, सावकाश:
घर, जुनी पिकअप, सौनाची शेड,
बँकेत वाटलं होतं त्याहून जास्त,
देणं कुणाचंच नाही.
मग चष्मा काढून हेल्मीला विचारलं,
तुला कुठं राहायचंय?
आणि वाट बघत बसले.
बराच वेळ ती स्वेटरचं बटण फिरवत होती.
'खाली,' म्हणाली.
लिपिकाची बोटं थांबली. खाली म्हणजे?
तेव्हा मार्लिसबाईंनी भर कोर्टात
लाकडी फरशीवर टाच आपटली, दोनदा.
मी उभा राहिलो. सवयच ती.

आता वर्षातून एकदा फॉर्म येतो,
पालकानं भरायचा. तब्येत, खर्च, दात.
शेवटचा रकाना तीन ओळींचा:
या वर्षी काय बदललं?
मी लिहितो: किल्ली कापायला शिकली.
गिऱ्हाइकाची प्रत्येक नवी किल्ली
आधी आमच्या दाराला लावून बघते.
एकही लागत नाही. दर वेळी हसते, आणि
इथं ओळी संपतात.
समासात लिहिलेलं चालतं का,
बाईंना विचारायला हवं.