काराशोकहून परत आलेली सतार

खोकं उतरवताना निसार म्हणाला, आत माणूस असावा.
एवढं जड. वर चौदा शिक्के,
आणि निळ्या पेनानं कुणीतरी काढलेला बाण:
ही बाजू वर.

अब्बांनी दोरी कापली नाही. सोडली,
गुंडाळून खिशात ठेवली.
मग भोपळ्यावर टिचकी मारली,
तबलीवरून अंगठा फिरवत नेला
आणि थांबले.
घोडीच्या खाली, बोटभर लांब,
केसाएवढी चीर.

"पाण्यानं नाही ही," म्हणाले. "तहानेनं."

सिग्नेची पत्रं मीच वाचून दाखवते.
ती लिहिते, बाहेर उणे अडतीस,
घरात रात्रंदिवस हीटर, हवा भाजल्या पापडासारखी.
ओठ फुटतात, तसं लाकूड.
नोव्हेंबर सरता सरता सूर्य खाली जातो
तो जानेवारीत तोंड दाखवतो.
मधे फक्त दुपारी तासा-दोन तासांपुरतं आभाळ निळं पडतं,
मुका मार लागल्यासारखं,
की पुन्हा रात्र.

निसारनं विचारलं, मग ती माणसं न्याहारी कधी करतात?

आमच्या मिरजेत दिवस लहान होतो म्हणजे किती?
उन्हाळ्याहून दोनेक तासांनी.
पारा बारावर आला की स्टेशनचे हमाल कानाला मफलर बांधतात
आणि जो तो दुसऱ्याला सांगतो, यंदा कडाका आहे हं.
हा भोपळा भीमाकाठच्या वेलावरचा,
आमच्याच माळ्यावर उलटा टांगून वाळवलेला.
ऊन संपू शकतं
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पत्राच्या तळाशी, सहीच्या जरा वर, एक प्रश्न होता:
मला शिकवलंय, भैरव पहाटेचा,
मारवा सूर्य बुडताना.
इथं दीड महिना पहाट नाही.
जूनमध्ये सूर्य बुडायचं नावच घेत नाही.
मी केव्हा काय वाजवू?
तुमच्या वडिलांना विचाराल?

विचारलं.
अब्बा सरस कढवत राहिले.
दुसऱ्या दिवशी चिरेत लाकडाची कापटी बसवली,
तिसऱ्या दिवशी लाख चढवली.
मी म्हटलं, काय लिहू?
म्हणाले, लिही, पेटीत ओला फडका ठेव, वाटीत,
आणि हीटरच्या भिंतीला टेकवू नको.
म्हटलं, ते नाही, दुसरं.
दुसऱ्यावर गप्प.

चौथ्या दिवशी जवारीला कानस लावता लावता,
मान वर न करता:
"मोतीबिंदू काढला तेव्हा डोळ्यांवर पट्टी होती ना,
तेव्हा पहाट मला बादलीनं सांगितली.
फरशी पुसणारी बाई यायची, बादली ठेवायची. ठक्.
की मी उठून बसायचो.
तिला विचार, त्यांच्या गल्लीत
सगळ्यात आधी कोण उठतं?"

मी तसंच लिहिलं.
उत्तर सतार पोचल्यावर आलं.
बर्फ लोटणारा ट्रॅक्टर, तिनं लिहिलं. पाच वाजता.
त्याचा पिवळा दिवा माझ्या छतावर गरगरत जातो.
चालवणाऱ्याचं नाव मला माहीत नाही,
आता विचारेन.

सोबत चार मिनिटांचं रेकॉर्डिंग.
सुरुवातीला खरोखरच घरघर ऐकू येते,
लांबून जवळ, जवळून लांब,
ती विरायच्या आत पहिला सा.
मग कोमल रे, हेलकावत,
घाई नसलेला.

अब्बांनी फोन चांगल्या कानाला धरला.
निसारनं पॉलिशचा हात थांबवला.
रेकॉर्डिंग संपलं तरी फोन तसाच.
मग म्हणाले,
"जोडीची तार उतरलीय. थंडीनं.
सांग तिला, वाजवायच्या आधी तासभर
पेटी उघडून ठेव म्हणावं."

साडेसहाला आम्ही शटर ओढलं.
रोज ते सरळ मशिदीकडं वळतात,
आज पायरीवरच उभे राहिले, तोंड पश्चिमेला,
समोरच्या टाकीमागचं तांबडं
पुरतं विझेपर्यंत.
मी म्हटलं, काय बघताय?
"कुठं काय," म्हणाले.
"किल्ली तुझ्याकडं आहे ना?"