आतला व्यास

पहाटेच्या एसटीनं बामणोलीहून साताऱ्याला,
पिशवीत ती नळी, मेलेल्या दिवडासारखी.

आतारांनी वाकवून पाहिली, वास घेतला.
“आतला व्यास सांगा, उतेकर. बाहेरून सगळ्याच जाड दिसतात.”
मी करंगळी घालून दाखवली.
हसले नाहीत. कॅलिपर लावला. पंचवीस.

पंपाचं तोंड बत्तीसचं.
मध्ये रिड्यूसर कोंबून ही कुणी बसवली,
ते त्यांनी विचारलं नाही.
साठ रुपये वाचले होते तेव्हा.

ओढीच्या बाजूला अशी नळी
म्हाताऱ्यासारखी गाल आत ओढून घेते.
पाणी येतंय असं वाटतं,
येत नाही.
काटा लाल झाला तो ऐन मधोमध,
तापोळा तिकडं, बामणोली इकडं,
आणि फळीवर आडवी धनगरवाड्यावरची सुगंधा,
दिवस भरलेली.

वल्ह्यानं किती जाणार?
पोरगी बोटीतच झाली. ठणठणीत.
लोक अजून म्हणतात, “नशीबवान बोट हाय तुझी.”
तिच्या बापानं पेढा दिला,
तो माझ्या तोंडात नुसता फिरत राहिला.

“तारेची द्या,” मी म्हणालो, “बत्तीसची. दोन मीटर.
क्लिपा चार, स्टीलच्या.”
कापताना आतारांनी वीतभर जास्तच सोडली.

संध्याकाळी इंजिन लावलं.
आधी खोकलं, मग मागच्या पाइपातून
धरणाचं पाणी भसाभस परत धरणात.
त्याखाली हात धरला.
कोमट.

अंधार पडेस्तोवर धरून होतो.