चार एमएम

आपल्या जिल्ह्यावर आज नारिंगी रंग आलाय मोबाइलात.
परवा पिवळा होता, काहीच झालं नाही.
त्याच्याआधी एकदा रंगच नव्हता
तेव्हा अर्ध्या घटकेत
उर्दू शाळेचे अकरा पत्रे बाजारात येऊन पडले.
म्हणून मी रंगावर जात नाही.

औशात, किल्ल्याकडे वळताना माझं दुकान.
काच कापतो. खिडकीची, फोटोची, शोकेसची,
न्हाव्याच्या आरशाची.
माघ निम्मा सरला. कालपर्यंत थंडी हाडात होती,
हिरकणीची मूठ धरवत नव्हती सकाळी.
आज दुपारी एकदम सदरा पाठीला चिकटला
आणि उगवतीचा वारा
चौकात येऊन उभा राहिला,
पत्ता विसरल्यागत.

केवढी पडेल?
आमच्याकडे गारेचं माप फळात.
टीव्हीवरचा पोरगा फळाचं नाव घेत नाही,
तो म्हणतो, तुरळक ठिकाणी.
हे तुरळक कोणत्या तालुक्यात येतं वो,
चहावाला संदिपान दर खेपेला विचारतो
आणि दर खेपेला एकटाच हसतो.
बेलकुंडचे मन्मथ गुरुजी म्हणाले, लिंबाएवढी.
त्यांना गुडघा सांगतो.
मागच्या साली पण गुडघा लिंबूच म्हणला होता,
पडलं धुकं.

तरी मी लातूरहून दोन पेट्या मागवल्यात.
चार एमएम, साधी.
टेम्पोवाला उतरवताना म्हणला,
मैनूभाई, लगीनसराईला एवढी काच?
हाव म्हणालो.
पेट्या अंगणात भिंतीला टेकवल्या,
वर गोणपाट टाकलं,
कुणी झोपलेलं माणूस झाकावं तसं.

रौशनला कळलं.
ती काही बोलली नाही.
दिवेलागणीला तिनं अंगणात तवा पालथा घातला,
तिच्या आईनं शिकवलेला उपाय, आभाळ माघारी धाडायचा.
आता एकाच अंगणात
तिचा तवा, माझ्या पेट्या.
मी जेवताना तिकडं पाठ करून बसलो.

मोठी पडली होती त्या साली
मी उस्तादाच्या हाताखाली होतो.
तीन दिवसांत दुकानातली काच संपली,
चौथ्या दिवशी आम्ही फोटोच्या फ्रेमा सोडवून
आजोबा-पणजोबांवरची काच विकली.
उस्तादानं मला नवी सायकल घेऊन दिली.
तिच्यावर बसून पहिल्यांदा गावाबाहेर गेलो तर
चिंचेखाली पोपट पडलेले,
हिरवी सतरंजी कुणी झटकायची विसरलं जणू.
सायकल हातात धरून परत आलो.

त्याच आठवड्यात एका म्हातारीच्या खिडकीचं माप घेतलं.
ती म्हणली, काच नको लेकरा, पुठ्ठा लाव.
काच परत फुटंल.
पुठ्ठा भिजतो, पण ऐकून घेतो.
हिशोबात ती मला अजून उधारीवर धरल्यागत वाटते,
कोण कुणाचं देणं लागतं कळत नाही.

रात्री अकराला रंग लाल झाला.
साडेअकराला परत नारिंगी.
किल्लारीच्या अंगाला वीज चमकली,
आवाज नाही.
कुत्री गप्प. संदिपानचा फोन आला,
तुरळक आलं का वो तुमच्याकडं?
ह्या वेळी तो हसला नाही.

मनातल्या मनात मी बेरीज करत पडलो.
बोराएवढी पडली तर एक पेटी.
आवळ्याएवढी तर दोन्ही, वर आणखी दोन.
लिंबापर्यंत आलो की बेरीज अडायची,
तिथून पुढं पोपट सुरू व्हायचे.

दोनच्या सुमाराला पत्र्यावर
टक्
झालं.
एकदाच.
चिंच असेल वाळकी. उंदीर असेल.
पहिल्या आवाजाला माप नसतं.

रौशन उठून बसली. मीही.
दिवा तिनं लावला नाही,
मी पण नाही सांगितलं.
दुसऱ्या आवाजासाठी
आम्ही दोघं अंधारात कान देऊन बसलो,
आणि तिनं विचारलं,
गोणपाट नीट टाकलंस ना?