बाटली क्रमांक ४१

घोळीच्या डोक्यात दोन पांढरे खडे असतात, कानाच्या जागी.
भोत व्यापारी नेतो, मांस हॉटेलवाला,
डोकी हिराबाय चिंचय आमच्यासाठी ठेवते,
वेसाव्याच्या बंदरावर, निळ्या पिंपात, बर्फाखाली.
"एवरी शिकलीस ती माशांचं कान कोराला?"
असं म्हणते, आणि नोटा मोजून कमरेला खोचते.

तीन वर्षांत आठशे खडे जमले.
धुतले, वाळवले, अगेटच्या खलात कुटले,
चाळले, परत कुटले, आठवडाभर पिंपात घोळवले,
बाटलीच्या तळाशी जे, तेच गळ्याशी असावं म्हणून.
शितावरून भाताची परीक्षा, असं लोक सहज बोलून जातात.
आम्हाला ती म्हण आकडेमोड करून सिद्ध करावी लागली,
बत्तीस पानी.

दीडशे बाटल्या भरल्या, पाच-पाच ग्रॅमच्या.
कालिन्याहून निघाल्या जगभर.
दोन कस्टमने अडवल्या: पांढरी पावडर, मुंबईहून.
त्यांचंही बरोबरच होतं.

सतरा प्रयोगशाळांनी सतरा आकडे कळवले.
स्ट्रॉन्शियमवर सगळ्यांचं जमलं,
मॅग्नेशियमवर थोडी कुरकुर, बेरियमवर एक लांबलचक ईमेल.
बोरॉनवर मात्र एकच घर पंगतीबाहेर,
आणि ते आमचं.
भुकटी ज्यांनी कुटली, त्यांचंच.

बोरॉन दोन वजनांचा असतो, दहा आणि अकरा.
प्रवाळ वाढताना दोघांतला कोण किती आत आला
यावरून पाणी तेव्हा किती आंबट होतं ते काढतात.
हजारात पावभर इकडेतिकडे झालं
तर एक अख्खा समुद्र बदलतो, निदान कागदावर.
म्हणून मोजण्याआधी रिकामी नळी मोजायची:
काही नाही, हे किती आहे?

आमच्या काही-नाहीमध्ये बोरॉन होता.
काचेचं भांडं तर केव्हाच हद्दपार, काचेतच तो असतो.
छतातल्या गाळण्या बदलल्या. पाण्यावर संशय घेतला.
रेशमा बागवेने केस कापले, उगाच.
मग तिनेच एका दुपारी आकडे वारांप्रमाणे लावले:
शुक्रवारी जवळजवळ शून्य,
सोमवारी डोंगर.

सोमवारी सकाळी नळ्या हुमणे मांडतात.
ते त्या दिवशी पितळी कप घेऊन आले होते,
चुनाभट्टी, रविवार, दुहेरी, उपविजेते.
"राणी घेतली होती मॅडम, कव्हर नाही बसलं."
हस्तांदोलन करताना मला दिसली
उजव्या तर्जनीच्या नखाखाली पांढरी रेघ.
"बोरिक पावडर. सोंगटी कशी लोण्यागत पळते."

अकरा वर्षं त्यांनी आमच्या नळ्या धुतल्या,
आम्लाने तीनदा, पाण्याने पाचदा.
मला बोलता येईना. रेशमा बोलली.
ते हाताकडे बघत राहिले, जणू तो कुणी दिलेला हात होता.
नंतरचे दोन रविवार ते पावडरीशिवाय खेळले.
"मध्येच अडकते हो," एवढंच म्हणाले.
शेवटी सोमवारचं काम बुधवारवर ढकललं,
आणि आमचा आकडा पंगतीत येऊन बसला.

त्यांच्या डब्यातली चिमूटभर पावडर मी मोजली,
वेळ नसताना, कुणाला न सांगता.
समुद्राची नव्हतीच ती.
कुठल्यातरी परमुलखात आटलेल्या तळ्याचा खार,
चुनाभट्टीत, जिथे आता भट्टी एकही नाही,
बोर्डावर पसरलेला, आणि तिथून घोळीच्या कानात.

तीन महिने वापरातली बाटली होती एक्केचाळीस.
नियमाप्रमाणे ती टाकायची होती.
मी लेबल लावलं: हुमणे, सोमवार.
कपाटात मागे ठेवली. प्रमाणपत्रात तिचा उल्लेख नाही.

सीलबंद आता त्रेसष्ट उरल्यात. मागण्या येतात.
नवा लॉट करायचा तर पुन्हा आठशे खडे हवेत.
हिराबाय म्हणते, घोल गावंल तवा गावंल.
निळं पिंप तिने सध्या बोंबलांना दिलंय.