चाती

बुधवारच्या जुन्या बाजारात,
मिक्सरच्या फुटक्या भांड्यांशेजारी, पेटीचरखा.
"चालतो का?"
"चालत असता तर इथं आला असता का, ताई?"
साडेचारशेला दिला.

बिजागऱ्या जाम. आत उंदराने कुरतडलेला पेळू,
झाकणाच्या आत खिळ्याने कोरलेलं: वेणू, नं. ११७.
चाती वाकडी.

बोहरी आळीत सगळे म्हणाले, मोटर बसवा.
शेवटी भवानी पेठेत सायकलवाले निढाळकर.
एक डोळा मिटून त्यांनी चाती उजेडाकडे धरली.
"आउट आहे."
ऐरणीवर तीन हलके ठोके,
फिरवून अजून एक.
माळेला सुती दोरा, मेणात ओढून.
शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब.

चाक फिरलं. चाती गुणगुणली.
मी पेळू धरला. तुटला.
पुन्हा धरला. तुटला.
"अकरा झाले," निढाळकर म्हणाले.
मी मोजत नव्हते.

"सरका जरा.
सहावीत सूतकताईला पन्नास मार्क असायचे.
गणितात नापास, पण सुतात…"
पुढचं बोललेच नाहीत.
डावा हात मागे गेला, खांद्याच्याही मागे,
आणि बोटांतून बारीक, एकसारखं
येत राहिलं
ग्रीसने काळं झालेलं सूत.
पंक्चर काढणारा पोरगा
हवा भरायची विसरला.

आता रात्री मी कातते.
जाड, बारीक, गाठीगाठीचं.
चातीच्या बुडाशी ते काळं दोन हात
अजून तसंच आहे.
काढत नाही.
माझं त्यालाच जोडते.